दीडशे पीडीएफ आणि एक व्याख्या : अर्थशास्त्राच्या एका प्रबंधिकेचा स्रोतशोध

पार्श्वभूमी

ती माझ्या टेबलाशी आली होती वेगळ्याच कामासाठी. "मॅडम, झोटेरोमधले डुप्लिकेट एकदम कसे काढायचे?" एवढंच तिला हवं होतं. झोटेरो म्हणजे संदर्भ जमवून ठेवायचं सॉफ्टवेअर. मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात संदर्भ विभागात काम करते, अर्थशास्त्र माझ्याकडे असतं. या टेबलाशी विचारला जाणारा पहिला प्रश्न सहसा खरा प्रश्न नसतो, हे आता अंगवळणी पडलंय. म्हणून तिला खुर्ची दिली आणि लॅपटॉप उघडायला सांगितला.

तिच्या संमतीनेच हे लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून देश, वर्ष आणि काही तपशील गाळले आहेत.

पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षाची प्रबंधिका होती. हातात पाच महिने होते, त्यातले सहा आठवडे संपले होते. विषय असा : परदेशी कामाला गेलेली माणसं घरी जो पैसा पाठवतात, ज्याला अर्थशास्त्रात रेमिटन्स म्हणतात, त्यामुळे त्यांच्या मायदेशाची आर्थिक वाढ होते का? विषय मार्गदर्शकांनी मान्य केला होता. अनेक देशांची, वीस-पंचवीस वर्षांची आकडेवारी घ्यायची, प्रतिगमन करायचं, म्हणजे एका गोष्टीचा दुसरीशी संबंध संख्याशास्त्राने तपासायचा, आणि निष्कर्ष लिहायचा, असा आराखडा होता. कागदावर सरळ दिसणारा.

अडचण

लॅपटॉपवर दीडशेहून जास्त पीडीएफ होत्या. बहुतेक गूगल स्कॉलरवर 'रेमिटन्सेस अँड ग्रोथ' एवढाच शोध देऊन, वरून खाली उतरत जमवलेल्या. कुठली कधी, कुठला शोधशब्द देऊन मिळाली, याची नोंद कुठेच नव्हती. हे सगळ्यांचंच होतं, त्यात विशेष काही नाही. पण चाळत गेलो तसे तीन गुंते वर आले.

पहिला गुंता आवृत्त्यांचा. तिच्या टिपणात एक वाक्य होतं : "पाच अभ्यासांनुसार वित्तीय व्यवस्था कमकुवत असलेल्या देशांत रेमिटन्स वाढीला हातभार लावतात." त्या पाचांतले दोन म्हणजे एकच निबंध होता. जुलियानो आणि रुईझ-आरांझ यांचं हे काम २००५ साली आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचा वर्किंग पेपर, म्हणजे नियतकालिकात छापण्याआधीचा मसुदा, म्हणून आलं आणि २००९ साली 'जर्नल ऑफ डेव्हलपमेंट इकॉनॉमिक्स'मध्ये छापून आलं. तिने ते दोन साक्षीदार म्हणून उभे केले होते. उलट्या बाजूलाही तेच. शामी, फुलेनकॅम्प आणि जहजाह यांचा, रेमिटन्स आणि वाढ यांचं नातं ऋण असल्याचं सांगणारा निबंध २००३ चा वर्किंग पेपर म्हणून एकदा आणि २००५ चा छापील लेख म्हणून दुसऱ्यांदा यादीत होता. झोटेरोला हे डुप्लिकेट ओळखता येत नव्हते, कारण वर्ष वेगळं, प्रकाशन वेगळं, कधी शीर्षकातही एखादा शब्द इकडचा तिकडे. तिचा मूळ प्रश्न इथून आला होता.

दुसरा गुंता : एका चॅटबॉटकडून तिने अकरा संदर्भांची यादी घेतली होती. त्यातले चार कुठेच सापडेनात. लेखक खरे, नियतकालिकं खरी, निबंध मात्र अस्तित्वातच नाहीत. तिने त्यांतल्या एकाचा आराखड्यात उल्लेखही करून टाकला होता.

तिसरा गुंता आकड्यांचा. एकाच देशाचे, त्याच वर्षांचे रेमिटन्सचे आकडे तिच्याकडे दोन फायलींत होते आणि ते जुळत नव्हते. थोडाथोडका नाही, काही वर्षांत निम्म्याचा फरक.

"मग तू काय केलंस?" मी विचारलं.

"सरासरी घेतली," ती म्हणाली.

मला हसू आलं, पण तिचं फार चुकलं होतं असं नाही. दोन अधिकृत फायली, दोन्ही नामांकित संस्थांच्या. नवख्या माणसाने कुणाला खोटं म्हणायचं? त्या दिवशी मला हे कळायला हवं होतं की हा तिसरा गुंता मूळ आहे आणि बाकीचे दोन साफसफाईचे. मी मात्र साफसफाईपासून सुरुवात केली. वाचनसाहित्य हे आम्हा ग्रंथालयवाल्यांचं घरचं अंगण, तिकडे पाय आधी वळतात.

समोरचे पर्याय

पुढे कसं जायचं यावर दोघींनी अर्धा तास घालवला. तेवढा वेळ वाजवीच होता.

आहे त्या दीडशे पीडीएफ वाचून काढायच्या, हा तिचा कल. इतक्या मेहनतीने जमवलेलं टाकवत नाही. पण गूगल स्कॉलरच्या क्रमवारीत जास्त उद्धृत झालेले निबंध वर येतात, म्हणजे जुने निबंध वर राहतात. तिच्या संग्रहात २००३ ते २०१० या काळाची गर्दी होती आणि नंतरचं विरळ. एखाद्या विषयात मध्येच मोठं वळण आलं असेल, तर असा संग्रह ते हमखास चुकवतो.

दुसरा पर्याय, इकॉनलिटमध्ये पद्धतशीर शोध. अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनचा हा संदर्भकोश वर्गणीचा आहे, आमच्याकडे तो येतो. विद्यार्थी त्याच्याकडे फिरकत नाहीत, कारण त्यात बऱ्याचदा पूर्ण निबंध नसतो, फक्त नोंद आणि सारांश. त्याची ताकद वर्गीकरणात आहे.

तिसरा, एका चांगल्या आढावा-लेखापासून सुरू करून मागे-पुढे जायचं. मागे म्हणजे त्याने कुणाला उद्धृत केलंय, पुढे म्हणजे त्याला नंतर कुणी उद्धृत केलंय.

चौथा पर्याय मीच मांडला आणि मीच बाजूला ठेवला : आधी आकडेवारीची कागदपत्रं वाचायची, निबंध नंतर. तो तेव्हा कोरडा वाटला. ती आधीच कंटाळलेली होती, व्याख्यांची मार्गदर्शिका हातात दिली असती तर पुन्हा आली नसती, असं मला वाटलं. आज वाटतं की तेवढा धोका पत्करायला हवा होता.

दुसरा आणि तिसरा पर्याय एकत्र करायचं ठरलं. दीडशे पीडीएफ एका वेगळ्या फोल्डरमध्ये टाकल्या, त्याला तिने 'अडगळ' असं नाव दिलं. काही पुसलं नाही. नव्या शोधात जे पुन्हा आपोआप समोर येईल तेच अडगळीतून बाहेर काढायचं, असा नियम केला.

काय केलं

आढावा-लेख शोधायला वेळ लागला नाही. 'जर्नल ऑफ इकॉनॉमिक पर्स्पेक्टिव्ह्ज' हे नियतकालिक याच कामाचं. विषयात नसलेल्या अर्थतज्ज्ञालाही कळेल असं लिहिलेलं, आणि जालावर सगळ्यांना मोफत. त्यात डीन यांग यांचा २०११ चा 'मायग्रंट रेमिटन्सेस' हा लेख मिळाला. पंचवीसेक पानांचा. तो तिने एका संध्याकाळी वाचला आणि दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाली, "मॅडम, हे सहा आठवड्यांपूर्वी वाचलं असतं तर?" याला उत्तर नव्हतं.

शोधशब्दांचं काम जास्त रंजक निघालं. नुसता 'रेमिटन्स' हा शब्द फसवा आहे. हिशेबात, करात, बँकिंगमध्ये कुठलंही पैसे पाठवणं रेमिटन्सच, त्यामुळे निरुपयोगी निकालांचा पूर येतो. उलट स्थलांतराच्या अंगाने लिहिणारे काही जण 'मायग्रंट ट्रान्स्फर्स' म्हणतात, ते निसटतात. अशा वेळी जेईएल कोड उपयोगी पडतात. 'जर्नल ऑफ इकॉनॉमिक लिटरेचर'च्या नावाने ओळखली जाणारी ही वर्गवारी अर्थशास्त्राचा प्रत्येक उपविषय एका अक्षराने आणि अंकांनी दाखवते. रेमिटन्ससाठी स्वतंत्र कोड आहे : एफ२४. इकॉनलिटमध्ये हा कोड आणि सोबत वाढीचा शोधशब्द दिला तेव्हा हिशेबाचा कचरा गळून पडला. अर्थात नियतकालिकांत छापलेले कोड बऱ्याचदा लेखक स्वतः निवडतात, त्यामुळे काही चांगले निबंध एफ२२ म्हणजे आंतरराष्ट्रीय स्थलांतर, किंवा ओ१५ अशा शेजारच्या कप्प्यांत बसलेले असतात. तिथेही डोकावून घेतलं.

छापील पुस्तकांच्या बाबतीत हीच गंमत वेगळ्या रूपात दिसते. पुस्तकांना विषयवार क्रमांक देणाऱ्या ड्यूई वर्गीकरणात या विषयाची पुस्तकं एका जागी नसतात. श्रमाच्या अंगाने लिहिलेली ३३१ मध्ये, वित्ताची ३३२ मध्ये, विकासाची ३३८.९ मध्ये, स्थलांतराची ३०४.८ आणि ३२५ मध्ये. ती ३३२ च्या मांडणीपाशी जाऊन "आपल्याकडे काहीच नाही" म्हणून परत आली होती. तालिकेत लायब्ररी ऑफ काँग्रेसचा विषयमथळा 'एमिग्रंट रेमिटन्सेस' असा आहे. तो टाकल्यावर इमारतीच्या तीन मजल्यांवर विखुरलेली पुस्तकं एका पडद्यावर आली. एकाही विद्यार्थ्याने हा मथळा आपणहून टाकलेला मी पाहिलेला नाही, आणि टाकावा तरी कसा? 'एमिग्रंट' हा शब्द आता कोण वापरतं?

आवृत्त्यांचा गुंता सोडवायला रेपेक कामी आलं. १९९७ पासून स्वयंसेवकांच्या बळावर चाललेली ही अर्थशास्त्राची नोंदवही आहे. आयडियाज आणि इकॉनपेपर्स ही तिचीच दोन दारं. तिथे निबंधाच्या पानावर त्याच कामाच्या इतर आवृत्त्या बऱ्याचदा जोडलेल्या दिसतात. आम्ही एक साधा तक्ता केला : एका कामाला एक ओळ, पुढे वर्किंग पेपरचं वर्ष, छापील वर्ष, आणि दोन्हींत निष्कर्ष बदलला का याचा एक रकाना. हा शेवटचा रकाना भरायला ती कुरकुरली. पण अर्थशास्त्रात निबंध वर्किंग पेपर म्हणून वर्षानुवर्षं फिरतो, समीक्षकांच्या हातून जातो, आणि छापून येईपर्यंत नमुना बदललेला असतो, कधी मुख्य आकडाही. कुठल्या आवृत्तीतून काय घेतलं हे लिहिलं नाही तर वाचणारा दुसरी आवृत्ती उघडतो आणि त्याला ते वाक्य सापडत नाही. तक्ता पूर्ण झाला तेव्हा तिच्या 'पाच अभ्यासां'चे तीन उरले.

पेवॉलचा, म्हणजे पैसे भरल्याशिवाय निबंध न उघडण्याचा, प्रश्न तिला सगळ्यात मोठा वाटत होता, प्रत्यक्षात तो सगळ्यात लहान निघाला. वीसेक आवश्यक निबंधांपैकी बहुतेक ग्रंथालयाच्या वर्गणीतच होते. ती वसतिगृहातून, विद्यापीठाचं लॉग-इन न करता उघडत होती, म्हणून कुलूप दिसत होतं. उरलेल्यांतल्या काहींची मोफत, वैध प्रत अनपेवॉल या ब्राउझर-जोडणीने दाखवली, काहींची वर्किंग पेपर आवृत्ती जागतिक बँकेच्या आणि नाणेनिधीच्या संकेतस्थळांवर मिळाली. दोन निबंध आंतरग्रंथालयीन देवाणघेवाणीने मागवले. एका लेखकाला तिने सरळ ईमेल केला, त्यांनी दुसऱ्याच दिवशी प्रत पाठवली. विद्यार्थी लेखकांना लिहायला बिचकतात. लेखकांना मात्र आपला निबंध कुणी मागितला की आनंदच होतो, असा माझा अनुभव आहे.

चॅटबॉटच्या यादीतल्या चार भुतांपैकी एकाचा पाठलाग मी हौसेने एक पूर्ण दुपार केला. नियतकालिकाच्या त्या खंडाची अनुक्रमणिका उघडली, तर दिलेल्या पानांवर भलताच निबंध. पुढच्या वेळी एवढा वेळ घालवणार नाही. डीओआय, म्हणजे निबंधाचा कायमचा ओळखक्रमांक, टाकून उघडत नसेल आणि रेपेक, इकॉनलिट दोन्हीकडे नोंद नसेल, तर संदर्भ काढून टाकायचा.

मग आकड्यांकडे

इथपर्यंत तीन आठवडे गेले. वाचनाची बाजू व्यवस्थित झाली, आणि मी थोडी खूशही होते. मग ती पुन्हा त्या दोन फायली घेऊन आली.

या वेळी मी उशिराने का होईना, योग्य प्रश्न विचारला : या रकान्याचं पूर्ण नाव काय आहे?

एका फायलीत होतं 'पर्सनल रेमिटन्सेस', दुसरीत 'पर्सनल ट्रान्स्फर्स'. ती हे एकच समजली होती. देशाच्या परदेशांशी होणाऱ्या व्यवहारांचा हिशेब म्हणजे व्यवहारतोल. नाणेनिधीच्या व्यवहारतोल नियमावलीची सहावी आवृत्ती २००९ ची आहे. या आवृत्तीनुसार पर्सनल ट्रान्स्फर्स म्हणजे निवासी आणि अनिवासी व्यक्तींमधले थेट हस्तांतर. पर्सनल रेमिटन्सेसमध्ये त्यावर 'कॉम्पेन्सेशन ऑफ एम्प्लॉईज' मिळवलं जातं, म्हणजे सीमेपलीकडे रोज कामाला जाणाऱ्यांचं, हंगामी कामगारांचं उत्पन्न. एवढंच नाही, देशातच राहून परकीय दूतावासात किंवा आंतरराष्ट्रीय संस्थेत काम करणाऱ्या स्थानिक माणसाचा पगारही त्यात येतो, कारण नोकरी देणारा अनिवासी. म्हणजे दूतावासातल्या ड्रायव्हरने घराबाहेर पाऊल न टाकता मिळवलेला पगार 'रेमिटन्स' म्हणून मोजला जाऊ शकतो.

तिने निवडलेल्या त्या देशातून शेजारच्या देशात हंगामी कामाला जाणारे खूप. निम्म्याचा फरक तिथून आला होता. दोन्ही फायली बरोबर होत्या. चूक फक्त सरासरीत होती.

जुन्या वर्षांत आणखी एक अडचण. नियमावलीच्या १९९३ च्या पाचव्या आवृत्तीत 'वर्कर्स रेमिटन्सेस' आणि 'मायग्रंट्स ट्रान्स्फर्स' अशी वेगळी खाती होती. नव्या आवृत्तीत ती तशी उरली नाहीत. तिच्या पंचवीस वर्षांच्या मालिकेत हा सांधा मधोमध पडत होता.

हे कळल्यावर आम्ही मेटाडेटा वाचायला बसलो. जागतिक बँकेच्या डेटाबँकेत प्रत्येक निर्देशांकाच्या बाजूला माहितीचं एक लहान चिन्ह असतं. त्यावर क्लिक करणारे थोडे. तिथे व्याख्या, मूळ स्रोत आणि मर्यादा लिहिलेल्या असतात. शिवाय नाणेनिधीने २००९ साली रेमिटन्सच्या संकलकांसाठी आणि वापरकर्त्यांसाठी स्वतंत्र मार्गदर्शिका काढली आहे. हीच ती कोरडी मार्गदर्शिका, जी मी पहिल्या दिवशी द्यायला घाबरले होते. तिने ती दोन दिवसांत वाचली. कंटाळली नाही.

आकडेवारी 'जीडीपीच्या टक्केवारीत' घेणाऱ्यांसाठी एक जाता जाता : टक्केवारीला छेदही असतो. नायजेरियाने २०१४ साली जीडीपीचं आधारवर्ष १९९० वरून २०१० वर आणलं तेव्हा २०१३ चा जीडीपी ८९ टक्क्यांनी मोठा ठरला. कुणीही एक पैसा कमी पाठवला नाही, तरी गुणोत्तर कोसळलं. म्हणून फाईल कुठल्या तारखेला उतरवली हे फायलीच्या नावातच लिहावं. ही सवय तिने लावून घेतली.

माझी एक चूक इथे नोंदवते. दुसऱ्या भेटीत मी तिला जागतिक बँकेचा द्विपक्षीय तक्ता दाखवला होता, कुठल्या देशातून कुठल्या देशात किती पैसा गेला हे सांगणारा. आकर्षक तक्ता आहे. त्यावरून तिने एक उपप्रश्नही बेतला : यजमान देशाचं उत्पन्न वाढलं की तिथून येणारा पैसा वाढतो का? पण हे आकडे मोजलेले नाहीत, अंदाजलेले आहेत. पैसा मोठ्या वित्तकेंद्रांतल्या मध्यस्थ बँकांमार्फत फिरतो, त्यामुळे तो मुळात कुठून निघाला हे मध्यवर्ती बँकांना बहुतेकदा कळत नाही. म्हणून एकूण रक्कम स्थलांतरितांची संख्या आणि दोन्ही देशांचं उत्पन्न यांच्या सूत्राने वाटली जाते. उत्पन्न आधीच सूत्रात घातलेलं. मग उत्पन्नाचा परिणाम दिसणारच, आपणच घातलेला. पद्धतीचं टिपण न वाचता मी तो तक्ता पुढे केला होता. त्यात तिचे चार दिवस गेले.

निर्णयाची जागा

मार्गदर्शिकेनंतर तिच्या मनात एक शंका आली, आणि ती तिची स्वतःची होती : मोजण्याची पद्धतच इतकी बदलत असेल, तर रेमिटन्स वाढलेत की मोजणं सुधारलंय?

या शंकेचे शब्द करून आम्ही पुन्हा शोध घेतला. शामी आणि सहकाऱ्यांच्या निबंधाला नंतर उद्धृत करणाऱ्यांची यादी उघडली आणि त्या यादीच्या आतच 'मेझरमेंट' हा शब्द टाकला. क्लेमेन्स आणि मॅकेन्झी यांचा निबंध मिळाला. वर्किंग पेपर २०१४ चा, नंतर 'इकॉनॉमिक जर्नल'मध्ये २०१८ ला छापलेला. त्यांचा प्रश्न अगदी तिचाच : रेमिटन्सचा वाढीवर परिणाम दिसत का नाही? त्यांचं म्हणणं असं, की नोंदल्या गेलेल्या रेमिटन्समधली अलीकडची बहुतांश वाढ मोजमाप बदलल्याने दिसणारी असावी. दुसरं, अशा देश-देशांच्या तुलनेत नमुना इतका लहान असतो, की परिणाम खरोखर असला तरी तो पकडण्याची ताकद प्रतिगमनात नसते. तिसरं, रेमिटन्स वाढतात ते मुख्यतः माणसं बाहेर गेल्यामुळे, आणि बाहेर गेलेली माणसं घरच्या उत्पादनातून वजा होतात.

हा निबंध तिच्या दीडशेत नव्हता.

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे माझा प्रश्नच गेला?"

तिच्यापुढे तीन वाटा होत्या. तोच प्रश्न ठेवायचा आणि मर्यादांचा परिच्छेद लांबवायचा. मार्गदर्शकांचा कल इकडे होता, आणि त्यात तथ्य होतं : आराखडा मंजूर होता, वेळ कमी होता, प्रबंधिकेकडून कुणी क्रांतीची अपेक्षा करत नाही. दुसरी वाट, मोजमापालाच विषय करायचा. ती तिला आवडली, पण त्यासाठी अनेक मध्यवर्ती बँकांच्या जुन्या टिपणांचा शोध लागला असता, तेही परक्या भाषांत. तिसरी, प्रश्न देशावरून घरावर आणायचा : ज्या घरात बाहेरून पैसा येतो ते घर मुलांच्या शिक्षणावर वेगळा खर्च करतं का? त्यासाठी व्यवहारतोलाचे आकडे लागतच नाहीत. कुटुंबांनी स्वतः सांगितलेली रक्कम पुरते. त्यातही विसरणं, लपवणं असतंच, पण ते दोष निराळे आणि ओळखीचे.

आठवडाभर घोळ चालला. तिने तिसरी वाट घेतली. मार्गदर्शक नाखुशीने तयार झाले.

कुटुंब सर्वेक्षणांसाठी जागतिक बँकेचं मायक्रोडेटा भांडार, म्हणजे घराघरांच्या नोंदींचा साठा, पाहिलं. जीवनमान मापन सर्वेक्षणांचा बँकेचा उपक्रम १९८० पासूनचा, त्यामुळे निवडीला वाव होता. इथे मात्र क्रम उलटा ठेवला. आधी प्रश्नावली उतरवली, डेटा नंतर. प्रश्नावलीत 'घराबाहेरच्या व्यक्तीकडून मिळालेली रक्कम' आणि 'शिक्षणावरचा खर्च' हे दोन्ही प्रश्न, त्याच घराला, त्याच फेरीत विचारलेत का? तीन देशांच्या प्रश्नावल्या या एका कसोटीवर बाद झाल्या, चौथी उतरली. चल (व्हेरिएबल) कसे बांधायचे हे तिने दुसऱ्यांच्या पुनरावृत्ती-संचांवरून, म्हणजे निष्कर्ष पुन्हा काढून पाहता यावा म्हणून ठेवलेल्या फायलींवरून, शिकून घेतलं. अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनची नियतकालिकं निबंधासोबत डेटा आणि कोड ठेवायला लावतात. त्यातली रीडमी फाईल नीट वाचली तर पद्धतीच्या प्रकरणात न सापडणारं बरंच काही मिळतं.

निष्पत्ती

डेटासाठी अर्ज करावा लागला आणि परवानगीला तीन आठवडे लागले. ते आम्ही गृहीत धरले नव्हते. तेवढ्यात तिने वाङ्मय-आढावा लिहून काढला, पण विश्लेषणाला सहाच आठवडे उरले आणि एक उपप्रश्न सोडून द्यावा लागला. महिन्याची मुदतवाढ घेऊन प्रबंधिका पूर्ण झाली.

परीक्षकांनी डेटाच्या प्रकरणाचं कौतुक केलं. निष्कर्षांबद्दल ते तितके खूश नव्हते : पैसा येणारी घरं मुळातच वेगळी असतात, त्याचं काय, हा त्यांचा प्रश्न रास्त होता आणि तिचं उत्तर अर्धवट. संदर्भयादीत शेवटी साठेक नोंदी राहिल्या. 'अडगळ' फोल्डरमधून त्यात आलेल्या तेवीस.

पुन्हा करायचं झालं तर

आकड्याचं पूर्ण नाव मी पहिल्या भेटीत विचारीन. कोण मोजतं, कशासाठी मोजतं, कुठल्या वर्षी व्याख्या बदलली. तो एक तास आधी दिला असता तर तिचे निदान तीन आठवडे वाचले असते, आणि परवानगीचा अर्ज वेळेत गेला असता.

शोधाची नोंद पहिल्या दिवसापासून हवी होती : तारीख, कुठे शोधलं, काय टाकलं, किती निकाल, काय घेतलं. आम्ही ती सातव्या आठवड्यात सुरू केली, त्यामुळे आधीच्या दीडशेंबद्दल आढाव्यात काहीच प्रामाणिकपणे लिहिता आलं नाही. रेपेकची 'न्यू इकॉनॉमिक्स पेपर्स' ही ईमेल सेवाही तेव्हाच लावायला हवी होती. स्थलांतरासाठी तिची वेगळी यादी आहे, नवे वर्किंग पेपर आपणहून दारात येतात.

एक गोष्ट मात्र अजून मिटलेली नाही. मार्गदर्शक नंतर मला भेटले तेव्हा म्हणाले, "तुम्ही स्रोत शोधून द्यायचे, प्रश्न बदलवायचा नाही." मी म्हटलं, मी फक्त व्याख्येचं पान उघडून दिलं. हे खरं आहे. पण ते पान उघडलं की काय होणार याचा मला अंदाज होता, हेही खरं आहे, आणि त्यांनी वर्षभर पोसलेल्या आराखड्याला धक्का बसतोय हे त्यांना तिच्याकडून, तेही घाईत, कळलं. पुढच्या वेळी असं पान उघडताना मी ते त्याच दिवशी मार्गदर्शकांनाही पाठवीन.